समोरची खुर्ची

भामरे साहेबांनी आयुष्यात एकाही माणसाला कामावरून काढलं नाही. हे ते स्वतः सांगायचे, अगदी सहज, बडीशेप तोंडात टाकता टाकता, आणि कागदोपत्री ते खरं होतं. मी त्या कागदांची साक्षीदार आहे. त्यातले बरेचसे माझ्याच अक्षरात आहेत.

जळगावच्या एमआयडीसीत तेव्हा प्लास्टिकच्या चटया विणणारे पुष्कळ कारखाने होते. ऐंशीचं दशक संपता संपता त्यातल्या एकात मी लागले. हुद्दा ‘पर्सोनेल असिस्टंट’. शेठजींची मुंबईला जाणारी पत्रं इंग्रजीत लिहायची आणि उरलेल्या वेळात भामरे साहेब सांगतील ते करायचं. साहेब कारखान्याचे मॅनेजर. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, पण त्या इंग्रजीचा उपयोग मी फक्त कागदावर करायची. चार माणसांसमोर माझं तोंड कुठल्याच भाषेत उघडत नसे. कुठल्याही खोलीत गेले की जिथून सगळे दिसतील पण आपण कुणाला दिसणार नाही अशी जागा मी आपोआप शोधायची. साहेबांनी ते पहिल्याच तासात ओळखलं आणि मला नाव ठेवलं, ‘कॉन्व्हेंट’. पुढे सहा वर्षं त्यांनी माझं खरं नाव घेतलं नाही.

उंच, सडपातळ माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट. त्याच्या खिशाला कधीही पेन नसायचं. “लिहायला लागलं की समोरचा बोलायचा थांबतो,” ते म्हणत. आवाज इतका खालचा की ऐकणाऱ्याला वाकावं लागे. मागांच्या खडखडाटात बाकीचे सुपरवायझर घसा फोडून ओरडायचे, आणि हे मात्र कामगाराच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलायचे. तो कामगार मान हलवायचा, कधी हसायचा. ओरडणारा मॅनेजर म्हणजे बिघडलेलं मशीन, हे त्यांचंच वाक्य. साहेब धुळ्याचे, घर तिथल्याच देवपूर भागात. धुळ्याकडचा कुणी कामगार दिसला की लगेच अहिराणीत शिरून घरची खुशाली विचारत, “काय रे भाऊ, बठ्ठं बरं शे ना घरी?” आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नसत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच काम दिलं नाही. मागांच्या शेडमध्ये नेलं, एका खांबापाशी उभं केलं आणि म्हणाले, “इथं थांब. संध्याकाळी काय पाहिलं ते सांग.”

मी दिवसभर उभी राहिले. संध्याकाळी त्यांना सांगितलं की माग किती आहेत, बंद किती आहेत, प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांच्या काड्या कशा ओढतात, चटईची किनार कुठे शिवतात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“हे सगळं शेठजींच्या कॅटलॉगमध्ये आहे,” ते म्हणाले. “तिसऱ्या मागावरचा माणूस डाव्या पायावर भार का देत नव्हता?”

“माहीत नाही, सर.”

“चार तास त्याच्या मागे उभी होतीस.”

मग त्यांनीच सांगितलं. तो माणूस भडगावचा. रविवारी गावी जाऊन गिरणा नदीत उतरला, तळव्यात काच शिरली. स्वतःहून तो कुणाला सांगणार नव्हता. शेजारच्या मागावाल्याकडून साहेबांनी काढून घेतलं. दुपारीच त्याला इंजेक्शन द्यायला पाठवलं होतं. “नाहीतर गुरुवारपर्यंत पाय सुजला असता आणि शुक्रवारी माग बंद. मशीन काय बघायचं, कॉन्व्हेंट? मशीन कुठे पळून जात नाही. माणसं बघ.” आणि मी निघताना म्हणाले, “तू बोलत नाहीस ते बरं आहे. बोलणाऱ्याला कोणी काही सांगत नाही.”

लहानपणापासून ज्या गोष्टीसाठी मी घरी, शाळेत, पाहुण्यांसमोर बोलणी खाल्ली होती, तिला कुणीतरी पहिल्यांदा चांगलं म्हणत होतं. त्या एका वाक्यासाठी मी पुढे काय काय केलं असतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यांना असावं.

त्यांची खरी करामत दिसायची आखाजीला. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरुष पत्ते घेऊन बसतात. शेजारच्या कारखान्यात दरवर्षी पाटी लागायची, ‘आखाजीनिमित्त रजा मिळणार नाही’, आणि दरवर्षी त्या दिवशी अर्धे माग बंद असायचे. भामरे साहेब पाटी लावत नसत. महिनाभर आधी ते पॅकिंगच्या टेबलापाशी जाऊन सहज विचारायचे, “यंदा कोणाकोणाचा भाऊ येणार न्यायला?” बायका आपसातच भांडून, हसून, रडून याद्या ठरवत. ते फक्त ऐकायचे. मागांवरच्या मुसलमान कामगारांना सांगायचे, “ही आखाजी तुम्ही सांभाळा, ईद आम्ही सांभाळू.” एक दिवसही उत्पादन थांबलं नाही. शेठजींना ती जादू वाटे.

एका आखाजीला पॅकिंगमधली एक बाई गप्प गप्प काम करत होती. तिला माहेरी कुणी उरलं नव्हतं. साहेबांनी तिला दुपारी बोलावलं, कागदात बांधलेली बांगड्यांची जोडी दिली आणि म्हणाले, “आज माझ्याकडून माहेर समज आणि घरी जा.” ती रडत गेली. मीही टाइपरायटरमागे डोळे पुसले. त्या बाईचं नावही पुढे माझ्या अक्षरात लिहिलं गेलं. पण ते नंतर.

माझ्या दुसऱ्या वर्षी धाकट्या शेठनी, म्हणजे शेठजींच्या मुलाने, आम्हा दोघांना नाशिकला एका शिबिराला पाठवलं. दोन दिवस, एका हॉटेलात, विषय ‘अधिक प्रभावी व्यवस्थापक कसे व्हावे’. मुंबईहून आलेला ट्रेनर टाय लावून पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवत होता. गोलात गोल, त्यात बाण. मी साहेबांच्या कानात भाषांतर करत होते. ते शाळेतल्या मुलासारखे हात बांधून बसले होते. दुपारी ट्रेनरने एकेकाला विचारलं, मॅनेजरचं सर्वांत महत्त्वाचं साधन कोणतं? कोणी म्हणालं प्लॅनिंग, कोणी म्हणालं शिस्त. पाळी आल्यावर साहेब म्हणाले, “कान.”

मी भाषांतर केलं. ट्रेनर खूश झाला. त्याने फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘ऐकणे’ असं इंग्रजीत लिहिलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. परतीच्या बसमध्ये साहेब म्हणाले, “बरा होता पोरगा. पण ऐकून पुढे काय करायचं ते त्याला माहीत नाही.”

पुढे काय करायचं ते मी त्याच हिवाळ्यात पाहिलं.

साहेबांच्या केबिनमध्ये त्यांची स्वतःची सोडून आणखी एक खुर्ची होती, वेताच्या बैठकीची. ती भिंतीला टेकून, कॅलेंडरखाली असायची. कामगार आत आला की उभा राहायचा, आणि साहेबही लगेच उठून उभे राहायचे. दोघं बरोबरीने उभे राहून बोलत. लोकांना त्याचं फार कौतुक होतं. इतर कारखान्यांत मॅनेजर बसून असायचे.

त्या हिवाळ्यात नवे माग आले, आणि त्यांच्यासाठी डिप्लोमावाला फिटर घ्यायचं ठरलं. आमचा फिटर रशीदचाचा. बावीस वर्षं झालेली, मशीनला हात लावून ताप सांगणारा माणूस. एका सकाळी साहेबांनी त्याला बोलावलं. मी कोपऱ्यात फायली लावत होते. रशीदचाचा आत आला तसे साहेब उठले, भिंतीजवळ गेले, ती खुर्ची स्वतःच्या हाताने ओढून टेबलासमोर ठेवली.

“बसा, रशीदभाई.”

“मैं खडाच ठीक हूं, साब.”

“अरे बस रे भाऊ. बावीस वर्षं उभाच आहेस.”

चाचा खुर्चीच्या कडेवर बसला. साहेबांनी चहा मागवला. डोळ्यांची चौकशी केली. मोतीबिंदू होता, पिकू द्या म्हणाले होते डॉक्टर. मोठ्या मुलाच्या दुकानाची चौकशी केली.

“चल रहा है, साब. अल्ला का करम.”

“तुझ्याबद्दल काय म्हणतो मुलगा?”

“वो तो बोलता, अब्बा, अब घर बैठो.”

“समजूतदार आहे.”

यानंतर साहेब काहीच बोलले नाहीत. एक मिनिट, दोन मिनिटं. पंख्याचा आवाज येत होता. चाचा आपल्या तळहातांकडे बघत होता. उभा माणूस इतका वेळ गप्प राहू शकत नाही; काहीतरी बोलून निघून जातो. बसलेल्याला निघता येत नाही. शेवटी चाचाच म्हणाला, “साब, मेरे को लगता, अब बस करूं.”

“मी तसं म्हणत नाही हां, रशीदभाई.”

“नहीं नहीं, आप कैसे बोलोगे! मैं ही बोल रहा.”

साहेब माझ्याकडे वळले. “कॉन्व्हेंट, एक कागद घे.”

मी लिहिलं, ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ सही कुठे करायची ते चाचाला दिसेना. मी त्याचं बोट धरून त्या जागी ठेवलं. बाहेर जाऊन तो शेडमध्ये सगळ्यांना सांगत होता, “साबने खुद कुर्सी खींची मेरे लिए.” चेहऱ्यावर अभिमान होता. मी खिडकीतून पाहिला.

धीर करून मी म्हणाले, “सर, त्यांना जायचं नव्हतं.”

“तसं तो म्हणाला?”

“नाही.”

“मग? काढला असता तर गेटवर बसला असता. पोरं शिव्या देत फिरली असती. आता दर ईदला शीरखुर्मा पाठवेल बघ.” आणि पुढे म्हणाले, “उभा माणूस भांडतो, कॉन्व्हेंट. बसला की त्याला आपण किती थकलोय ते आठवतं.”

ईदला शीरखुर्मा आला. साहेबांनी आवडीने खाल्ला. वाटी मलाही दिली. मी खाल्ला.

त्यानंतर ती खुर्ची बऱ्याच वेळा ओढली गेली. ज्याच्या बायकोला टीबी होता त्याच्याशी बायकोबद्दल, ज्याची मुलगी सासरहून परत आली होती त्याच्याशी मुलीबद्दल, आणि आखाजीला माहेर नसलेल्या त्या बाईशी, माहेर नसण्याबद्दल. सगळं त्यांना आधीच ठाऊक असायचं. वर्षानुवर्षं ‘बठ्ठं बरं शे ना’ म्हणत कान देऊन जे गोळा केलं होतं, ते सगळं वेळेला कामी येत होतं. त्यातलं काही आता मीही आणून देत होते. मला दिसायचं, आणि ते विचारायचे. पाच-सहा जण गेल्यावर मात्र शेडला कळलं. कुणाला केबिनमधून बोलावणं आलं की बाकीचे डोळ्यांनी विचारायचे. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न असायचा, “खुर्ची दिली का रे?”

त्या खुर्चीला नाही म्हणणारी एकच निघाली, कोकिळाबाई.

ती असोद्याची. सकाळच्या बसने यायची आणि गेटपासूनच बोलायला सुरुवात करायची. पॅकिंगच्या टेबलावर तिच्या तोंडाला खंड नसे. बसमधलं भांडण, केळीच्या बागेतला साप, सासूचं गुडघ्याचं तेल, सगळं हातवारे करून. बायका हसता हसता कामाचा कंटाळा विसरायच्या. मला एकदा म्हणाली, “ताई, तुमच्या त्या इंग्रजी शाळेत बोलायले बंदी होती का वं?” सगळं टेबल हसलं. मीही हसले. त्या कारखान्यात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ती तेव्हाच.

पॅकिंगच्या बायका दिवसभर उभ्या असत. चटया गुंडाळायच्या, दोरी मारायची, ठेवायच्या, आठ तास उभ्यानेच. कोकिळाबाई सात जणींना घेऊन केबिनमध्ये आली आणि म्हणाली, बसायला काहीतरी द्या. साहेब नेहमीसारखे उठले आणि भिंतीपाशी गेले. त्यांनी खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.

“बसा, कोकिळाबाई. बसून बोलू.”

तिने खुर्चीकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“मले ही खुर्ची नको, साहेब. आमच्या टेबलापाशी स्टूल द्या. मी तठी बसते.”

मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबही हसले, मनापासून, आणि म्हणाले, “देतो.”

खरंच दिले. चार दिवसांत सुताराकडून बारा स्टुलं आली. कोकिळाबाईने गूळ-शेंगदाणे वाटले. माझ्या हातावर ठेवत म्हणाली, “घ्या ताई, तुमचे साहेब तसे बरे आहेत.”

त्याच आठवड्यात, सह्या करता करता साहेबांनी मान वर न करता विचारलं, “कॉन्व्हेंट, कोकिळाबाईला कशाशिवाय करमत नाही?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीकडे असतं तसं.

“बोलण्याशिवाय, सर. हात थांबले तरी चालतील, तोंड थांबलं तर ती आजारी पडेल.”

“वा,” ते म्हणाले. त्यांनी ‘वा’ म्हटलं की माझा दिवस छान जायचा.

सोमवारी कोकिळाबाईची बदली ग्राइंडरवर झाली. चटयांचे खराब तुकडे परत दळणारं ते मशीन मागच्या वेगळ्या शेडमध्ये होतं, भिंतीपलीकडे, त्याच्या आवाजामुळेच. तिथे एकाच माणसाचं काम असे. साहेब स्वतः तिला तिथे घेऊन गेले. सगळ्यांत उंच स्टूल तिला दिलं. “तुमच्या पायांना त्रास होतो ना, इथं पूर्ण वेळ बसून काम आहे.” कुणालाच त्यात वावगं काढता येईना. तिने मागितलं तेच तिला मिळालं होतं.

सुरुवातीला ती जेवणाच्या सुट्टीत धावत पॅकिंगला यायची आणि दिवसभराचं एकदम बोलायची. आवाज नको इतका मोठा झाला होता. मग घसा बसला. मग तिची सुट्टी अर्ध्या तासाने पुढे गेली, मशीन गार होण्याच्या कारणाने. एकदा मी काही निमित्त काढून तिकडे गेले. तिच्या केसांत, पापण्यांवर रंगीत भुकटी बसली होती. मशीन बंद करून ती म्हणाली, “ताई, घरी गेल्यावर बी कानात हेच वाजते. मालक काय बोलते ते ऐकू येत नाही. आन् मले बी बोलासारखं काही राह्यलं नाही.”

मी तिला सांगू शकले असते. तोंडाशी आलंही होतं. मी म्हणाले, “कापूस घाला कानात.”

अडीच महिन्यांनी ती यायची थांबली. राजीनामा नाही, निरोप नाही. महिनाभर वाट पाहून साहेबांनी मस्टरवर तिच्या नावापुढे रेघ ओढायला सांगितली. “बघ,” ते म्हणाले, “हिला तर खुर्चीसुद्धा लागली नाही.” आवाजात आनंद नव्हता, हेही खरं. आपलं काम नीट झालं की कारागीर जसा एकदा बघून बाजूला ठेवतो, तसं ते बोलले.

आणि ती बारा स्टुलं? ती टेबलापाशी ओळीने उभी होती. कुणी बसायचं नाही. बायका त्यांच्यावर जेवणाचे डबे ठेवायच्या.

मी नोकरी सोडली नाही. हे इथं लिहून टाकलेलं बरं. पुढच्या वर्षी मी ऑफिसर झाले.

म्हाताऱ्या शेठजींनी नव्वदनंतर कारभार सोडला. धाकट्या शेठना कॉम्प्युटर हवा होता, तरुण माणसं हवी होती. एका दुपारी त्यांनी मला बोलावून इंग्रजीत विचारलं की भामरे साहेबांबद्दल तुमचं काय मत आहे. मी म्हणाले, त्यांच्याएवढं या कारखान्याला कोणी ओळखत नाही. “तोच प्रश्न आहे,” ते म्हणाले. मग मराठीत आले. “त्यांच्याशी तुम्ही बोला. काढायचं नाही हां. त्यांना स्वतःलाच वाटलं पाहिजे.”

भामरे साहेबांबद्दल काय ठाऊक आहे, असं कुणाला विचारलं असतं तर कुणालाच सांगता आलं नसतं. सगळ्यांचं ऐकणारा तो माणूस स्वतःचं काही सांगत नसे. दर शनिवारी पाचच्या बसने धुळ्याला जायचे, सोमवारी पहिल्या बसने यायचे, एवढंच. पण मला दिसत होतं. सोमवारी त्यांच्या नखांत निळीचा रंग असायचा. पांढऱ्या कपड्यांना देतात ती नीळ. म्हणजे रविवारी देवपूरला आठवड्याचं धुणं ते धूत होते. म्हणजे धुणारं माणूस धुऊ शकत नव्हतं. मी एकदा बसस्टँडवर त्यांच्या हातात गुडघ्यांना बांधायचे पट्टेही पाहिले होते. मी हे कुणाला बोलले नव्हते.

मी केबिनमध्ये गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्यांना कळलंय हे मलाही कळलं. ते उठले, भिंतीजवळची खुर्ची ओढून टेबलासमोर ठेवली, आणि तिच्यावर स्वतः बसले.

“तू तिकडे बस, कॉन्व्हेंट. माझ्या जागेवर. इकडून नीट होत नाही.”

मी बसले. टेबल मला वाटलं होतं त्यापेक्षा रुंद होतं.

“काकूंचे गुडघे कसे आहेत?” मी विचारलं.

त्यांचा चेहरा क्षणभर अगदी उघडा पडला. मग ते हसले. “शिकलीस,” म्हणाले.

मी गप्प राहिले. त्यांनी शिकवलं होतं तेवढा वेळ.

“उठवत नाही तिला आता,” शेवटी ते म्हणाले. “आठवडाभर शेजारीण बघते.” मग, “थांबावं म्हणतो मी.”

पुढचं वाक्य माझं होतं. ‘मी तसं म्हणत नाही, सर.’ ते मला म्हणवलं नाही. मी कागद घेतला आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी तो वाचला, टेबलावरचं माझं पेन घेतलं, आणि ‘राजीनामा’च्या आधी जागा करून बारीक अक्षरात ‘स्वखुशीने’ लिहिलं. मी तो शब्द मुद्दाम गाळला होता.

“त्याच्याशिवाय कागद टिकत नाही,” ते म्हणाले. आणि सही केली.

त्यानंतर चार वर्षांनी मी त्यांना एकदाच पाहिलं. देवपूरच्या एका कॉलेजात मुलांच्या मुलाखती घेऊन मी जळगावला परत येत होते. तोवर मी मॅनेजर झाले होते. धुळ्याच्या स्टँडवर बस भरली, आणि शेवटी चढलेल्यांत ते होते. बुशशर्ट पांढराच, पण नीळ जास्त झालेली. मी उठून उभी राहिले.

“सर, बसा ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या जागेकडे. वरची दांडी धरून म्हणाले, “नको. उभाच बरा आहे.”

मला बसवेना. दोघांच्यामध्ये ती जागा काही क्षण रिकामी राहिली, मग एक लेकुरवाळी बाई “कोणी बसत नाही का?” म्हणत बसली. आम्ही एकच दांडी धरून पारोळ्यापर्यंत उभे होतो. ते तिथे बहिणीकडे चालले होते.

“काकू?”

“गेली. दोन वर्षं झाली.” बस खड्ड्यातून गेली. “तुझ्यामुळे शेवटी तिच्याजवळ होतो.”

हे आभार होते की आणखी काही, मला आजही ठरवता आलेलं नाही. एवढं बोलून ते गप्प राहिले. मला ती शांतता ओळखीची होती. तिच्यात मी काहीतरी बोलावं अशी जागा होती. मी बोलले नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “किती झाले तुझे?”

“मोजले नाहीत, सर.”

“खोटं बोलू नको.”

“अकरा.”

त्यांनी मान हलवली. “माझे एकोणचाळीस. चाळिसावा मी.” मग म्हणाले, “त्यात ती असोद्याची धरलेली नाही. ती कुठे धरायची ते मला समजलं नाही.”

त्यांनीही मोजले होते. ज्यांनी एकालाही काढलं नव्हतं त्यांनी.

पारोळ्याला ते उतरले. नीट जा वगैरे काही म्हणाले नाहीत. वळूनही पाहिलं नाही. बस पाच मिनिटं थांबणार होती. मी खिडकीशी वाकून पाहिलं. स्टँडच्या बाकावर जागा होती, पण ते बसले नव्हते. पेरू विकणाऱ्या एका बाईसमोर ते उभे होते, कमरेत वाकून, कान तिच्याकडे करून. आधी ती नुसती मान हलवत होती. मग तिने टोपली खाली ठेवली. मग पदराने कपाळ पुसलं आणि बोलायला लागली. हाताने दूर कुठेतरी दाखवत होती, गावाकडे असावं, किंवा गेलेल्या कुणाकडे. बस सुरू झाली तरी तिचं संपलं नव्हतं.

तिने सांगितलेल्या कशाचाच त्यांना आता उपयोग नव्हता. तरी ते ऐकत होते.